गल्लीचं गेट निघालं, वकीलबाई

वत्सला, आपण जिंकलो!

बिलासपूरच्या हायकोर्टातून निकाल आला. गल्लीचं गेट निघालं. बिजागऱ्यांसकट निघालं, भिंतीत भोकं उरली तेवढी.

तुझ्या रश्मीचा फोन आला तेव्हा चक्की चालू होती. ही रश्मी तुझी ज्युनियर, आपल्याकडचीच पोट्टी, मराठी सगळं समजते पण बोलते हिंदीत. ती तिकडून ओरडून राहिली, मी इकडून ओरडून राहिलो, मधात गव्हाची घरघर. शेवटी पट्टा उतरवला. चक्की थांबली अन् मग नीट ऐकू आलं, "काकाजी, हम जीत गए. गली खुलेगी. दीदी जीत गईं."

मी फोन हातात तसाच धरून मागच्या खोलीकडे पळालो. तुले सांगायले. दारात गेलो, "ऐकलं का वो" एवढं बोललो भी. मग खुर्ची दिसली. पाठीवर तुझा काळा कोट, अन् खुर्चीत कोणी नाही. तेरावी होऊन गेली, लेक पुण्याले परत गेली, तरी माझ्या पायांले अजून खबर नाही.

तं लिहून सांगतो. इथल्या मराठी मंडळाचे लोक तुझ्या आठवणीचं छोटं पुस्तक काढून राहिले. मोठमोठ्या वकिलांनी लेख दिले. एकानं तुले ज्ञानाचा सागर म्हटलं, दुसऱ्यानं तेजस्वी तारा. वाचून मले हसू आलं. सागर काय, तारा काय, अंघोळ झाल्यावर ओला टॉवेल पलंगावर टाकणारी बाई तू. मी मंडळवाल्यांले म्हटलं, मी तिच्याबद्दल नाही लिहीत, तिलेच लिहितो. छापायचं तं छापा. चौथी शिकलेल्या माणसाचं शुद्धलेखन तुमचं तुम्ही पाहून घ्या.

आता मेन स्विच पाडून बसलो आहे. गिऱ्हाईक येते, पाहते, जाते. जाऊ दे. आपलं कोर्ट चालू आहे.

हे कोर्ट तुले माहीत आहे, पण वाचणाऱ्याले नाही, म्हणून सांगतो. लग्न झालं तेव्हा तू मॅट्रिक अन् मी चौथी. तुझ्या बापानं चक्कीवाला पाहिला, कारण त्या घरात पीठ कमी पडत नाही. तू मागच्या खोलीत बसून आधी बीए केलं, मग वकिली. तुले मोठ्यानं वाचायची सवय, अन् बाजूले चक्की. चक्कीच्या वर आवाज काढता काढता तुझा गळा असा तयार झाला की पहिल्याच पेशीले जजसाहेब म्हणाले, "वकील साहिबा, अदालत बहरी नहीं है." घरी येऊन हे सांगताना तुले राग होता, मी मात्र पोत्यावर लोळून हसलो होतो. तुझ्या फायलीतून पीठ पडे. कोर्टातला बाबू फाइल हाती घ्यायच्या आधी झटकून घेत होता.

लाइट गेली की चक्की बंद. चक्की बंद की आपलं कोर्ट सुरू. तू केस सांगायची, अन् मले बसवायची समोरचा वकील म्हणून. आपल्या बाजूनं बोलायची तुले कधी घाई नव्हती. "आधी तुम्ही मले हरवा," म्हणे. समोरच्याचे सगळ्यात जोरदार मुद्दे तूच मले शिकवायची, अन् मग मी ते माझ्या भाषेत तुझ्या अंगावर टाकायचे.

"हे असं कोण बोलते कोर्टात?" तू चिडायची.

"मी बोलतो. दे उत्तर."

"मुद्दा सोडून शिव्या देऊन राहिले तुम्ही."

"समोरचाही देईन. उत्तर दे."

मग आपलं वेगळं राज्य झालं, आपलं रायपूर राजधानी झाली, अन् लाइट जाणं कमी झालं. सगळं शहर खूश, तू एकटी नाराज. आपलं कोर्ट बंद पडायची पाळी आली. मग एक दिवस भर दुपारी चक्की गप झाली, मी बाहेर येऊन पाहतो तं शेजारी पंखे चालू. मागं तू उभी, हात मेन स्विचवर. "कोर्ट बैठ गया है," म्हणे. गव्हाचं गिऱ्हाईक उभं होतं तिथं! त्यालेच तू साक्षीदार करून टाकलं.

दिवाणी वकील तू. खून नाही, दरोडा नाही. भिंत, नाली, खिडकी, रस्ता. मी म्हणत होतो, फौजदारी कर, पेपरात फोटो येईन. तू म्हणे, "खून एकदा होते. शेजारी रोज असते." त्यात भी तुझं मन रमे ते वहिवाटीत. कोर्टात त्याले सुखाधिकार म्हणतात, पण घरी तू वहिवाटच म्हणायची. ज्या वाटेनं माणसं वर्षानुवर्षं, कोणाले न विचारता, उजागर जातात-येतात, त्या वाटेवर त्यांचा हक्क होते, जमीन दुसऱ्याची असली तरी. पण जर का ते मालकाच्या परवानगीनं जात असले, तं हक्क होत नाही. परवानगी आज दिली, उद्या काढून घेतली. एवढ्याशा गोष्टीवर तू आयुष्य घातलं. संध्याकाळी लॉ कॉलेजात शिकवलं, जाडं पुस्तक लिहिलं, अन् त्याच पुस्तकावर पोट्टे-पोट्टी वकील झाले.

पुस्तक छापून आलं तेव्हा तू मले एक गंमत सांगितली होती. इंग्रजांच्या काळचा जुना रिवाज आहे म्हणे, जिवंत लेखकाचं पुस्तक कोर्टात आधाराले घेत नाहीत. मेलेल्याचंच घेतात. आता कोणी फारसं पाळत नाही, पण तुले ते आवडलं होतं. "माझं पुस्तक चालायले मले आधी जावं लागन," तू हसून म्हणाली.

मी म्हटलं, "मग नको चालू दे."

आता गल्लीचं.

आपल्या चक्कीच्या बाजूनं जी गल्ली बूढातलावाकडे जाते, तिच्या तोंडाशी सेठांचं मोठं घर, अन् मागं पाच लहान घरं. त्यातल्या एका घरात दुलारी, डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकणारी. जमीन सेठांची, जाणं-येणं सगळ्यांचं. तिच्या आजीपासून चालू. राजधानी झाली अन् पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या, जमिनीचे भाव आभाळाले लागले. छोटे सेठांले तिथं दुकानांची मोठी इमारत उठवायची होती. त्यांनी गल्लीच्या तोंडाले लोखंडी गेट ठोकलं. पुरतं बंद केलं तं बोंब होईन, म्हणून गेटमधी एक बुटकं दार ठेवलं, अन् बाजूले चौकीदार. वाकून जा, वाकून या.

दुलारी तुझ्याकडे आली तेव्हा मी गहू चाळत होतो. "वकीलिन दीदी, मेरी टोकरी नहीं निकलती उसमें से," एवढंच बोलली. टोपली डोक्यावरून उतरवायची, आधी ती आत ढकलायची, मग स्वतः वाकायचं, मग परत डोक्यावर कोणी उचलून देईन का पाहायचं. तू त्याच दिवशी दावा लिहायले बसली.

अन् तिथून आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलं नाही.

मी छोटे सेठांकडे जाऊन आलो होतो. वकील म्हणून नाही, शेजारी म्हणून. माणूस वाईट नाही तो. चहा पाजला. म्हणाले, दार मोठं करून देतो, चौकीदाराले सांगतो कोणाले अडवू नको, फक्त त्या पाच घरांनी लिहून द्यावं की आम्ही सेठांच्या मेहरबानीनं जातो. मी खुशीत घरी आलो. झालं, मिटलं! तुले सांगितलं तं तू असा चष्मा काढला की मले वाटलं फेकून मारते.

"मेहरबानी?"

"अवं, दार मोठं करून राहिला तो. टोपली निघन. अजून काय पाहिजे?"

"त्याचा पोट्टा उद्या म्हणन, बापाची मेहरबानी बापासंग गेली. मग?"

"मग उद्या पाहू. परवानगीनं चालो का हक्कानं चालो, पाय तं तेच चालतात."

"पाय तेच, चालणं वेगळं," तू म्हणाली.

"हे पुस्तकात लिही," मी म्हटलं. "चालणाऱ्याले टोपली निघाल्याशी मतलब."

तू समझौता नाही केला. अन् मग दुलारीनंच केस पाडायची वेळ आणली.

ती पाच घरं दर दिवाळीले सेठांकडे ताट पाठवत. अइरसा, खुरमी, असं घरी तळलेलं गोड, जे जमन ते. समोरच्या वकिलाले हे कुठून तरी समजलं. दुलारी साक्षीले कठड्यात उभी राहिली तेव्हा त्यानं गोड आवाजात विचारलं, थाली काहून पाठवता? अन् दुलारी, जिले सगळ्यांचं चांगलंच बोलायची सवय, हात जोडून म्हणाली, "रास्ता देते हैं न साहब, इसीलिए."

झालं! रस्ता देतात, म्हणून ताट. म्हणजे परवानगी. म्हणजे भाडं. समोरचा वकील हसत खाली बसला. बाहेर येऊन दुलारीनं तुले विचारलं, "ठीक बोली न दीदी?" अन् तू तिले म्हणाली, हव, ठीक बोली. खोटं तुले जमत नव्हतं, पण त्या दिवशी जमलं.

घरी आली, फाइल टाकली. जेवली नाही. अन् मी नेमका त्याच दिवशी डब्यावरून भांडलो. तू सैपाकात कधी नव्हती, कोर्टातून येईपर्यंत शेजारच्या बायका काही ना काही पाठवत, अन् तू त्यांचे डबे धुऊन-पुसून रिकामेच नेऊन देत होती. किती वेळा सांगितलं असन. त्या दिवशीही तू रिकामा डबा घेऊन निघाली तं मी ओरडलो, "रिकामा डबा नेऊन देते? चक्कीवाल्याच्या घरून? मूठभर पीठ तं टाक! लोक काय म्हणतीन?"

तू दारातच थांबली. डब्याकडे पाहत राहिली. मग डबा तिथंच ओट्यावर ठेवला, अन् फाइल उघडली.

आता लोक मले म्हणतात, डब्याची गोष्ट तुम्हीच मॅडमले सुचवली. काही सुचवली नाही. मी फक्त ओरडलो होतो. डबा असाच ओट्यावर राहिला, दुसऱ्या दिवशी मीच पीठ भरून नेऊन दिला.

पुढच्या पेशीले समोरच्या वकिलानं सेठांच्या बुआजीले आणलं. छोटे सेठांच्या बापाची बहीण, लवकर विधवा होऊन माहेरीच राहिलेली, त्या घरातली सगळ्यात म्हातारी. दुलारीच्या बोलण्यावर शिक्का मारायले आणली. आणायची गरज नव्हती, पण जिंकणाऱ्या माणसाले थांबवत नाही.

आता तुले एक सांगतो, जे कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मी, तुले सांगून निघालो तसा, चक्कीच्या मोटरचं सामान आणायले गेलो नव्हतो. मी कोर्टात होतो, अधूनमधून चोरून येत होतो तसा. मागच्या दाराशी उभा. पिठाचे कपडे तसेच.

बुआजी पांढऱ्या साडीत, कठड्याले धरून, ताठ. म्हणाली, थाली येत होती, हर दिवाली, बराबर येत होती. समोरचा वकील खाली बसला. तू उठली. कोटावरचं पीठ झटकलं. अन् पहिल्यांदाच, वत्सला, पहिल्यांदाच कोर्टात तुझा आवाज हळू होता.

"बुआजी, थाली लौटती थी?"

"लौटती थी."

"कैसे लौटती थी?"

"कैसे मतलब?"

"खाली लौटती थी?"

बापा रे! म्हातारीचा चेहरा पाहायले पाहिजे होता तू... पाहिलाच तू, तूच तं समोर होती. पण मी जिथून पाहिला तिथून पाहायले पाहिजे होता.

"खाली? हमारे घर से खाली थाली? वकील साहिबा, हमें समझा क्या है? मिठाई रखते थे. फल रखते थे. बहू-बेटी का ब्याह हो तो ब्लाउज का कपड़ा रखते थे. खाली थाली!"

समोरचा वकील उठून उभा राहिला, हात हलवून राहिला. बुआजी त्याच्यावरच भडकली, "तुम बैठो."

"हर बार रखते थे, बुआजी?"

"हर बार. मेरी माँ के ज़माने से. माँ ने सिखाया था."

"तो उनकी थाली आपके यहाँ भरी आती थी, और आपके यहाँ से भी भरी जाती थी."

"और क्या!"

"तो फिर किराया कौन किसको दे रहा था, बुआजी?"

जजसाहेबांनी पेन थांबवून वर पाहिलं. मागं कोणी तरी हसलं. छोटे सेठ जमिनीकडे पाहून राहिले. अन् तू, "बस इतना ही" म्हणून खाली बसली, जशी काही भाजीचा भाव विचारून आली. भाडं नाही, तं परवानगी कशाची? अन् वरून "माँ के ज़माने से" म्हणून म्हातारीनं किती वर्षांची वाट आहे तेही सांगून टाकलं!

मले तिथंच शिटी वाजवावी वाटली. मी बाहेर पळालो. वडाखाली उभं राहून एकटाच हसून राहिलो, चहावाल्यानं विचारलं काय झालं काकाजी, मी म्हटलं माझी बायको आहे आत. तो म्हणे, आरोपी? मी म्हटलं, वकील!

हे तुले सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तं दर पेशीले घेऊन गेली असती अन् चक्की बुडाली असती. पण परवा रश्मी म्हणाली, "दीदी को पता था. आप जहाँ खड़े होते थे वहाँ दरवाज़े पर आटा लगा रहता था. दीदी देखती थीं, फिर कोट ठीक करती थीं." म्हणजे एकदाच नाही, प्रत्येक वेळी समजत होतं तुले. अन् घरी येऊन मलेच विचारायची, "मिळालं का मोटरचं सामान?" अशी बाई तू!

खालच्या कोर्टात जिंकलो. वरच्यात हरलो. तिथले साहेब म्हणाले, ताट भरून परत आलं हे ठीक, पण बाई स्वतः म्हणते रस्ता देतात म्हणून. तू बिलासपूरले अपील टाकली. केस तिथं पडून राहिली, मधात तुझं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले आराम करा. तुले आराम कधी माहीत होता? पेशी लागली तशी तू उठली. मी संग आलो, या वेळी उघड आलो. जजसाहेबांनी बसून बोला म्हटलं, तू म्हणाली, "उभं राहूनच बोलता येते मले, साहेब," हिंदीत म्हणाली, पण अर्थ तोच. गाडीत परत येताना तुझा चेहरा पांढरा पडला होता, तरी तोंड चालू होतं. निकाल राखून ठेवला होता.

मी म्हटलं, "समझौता केला असता तं एवढी धावपळ नसती."

"आता भी तेच?"

"आता भी तेच. पाय तं तेच चालतात."

तू डोळे मिटून म्हणाली, "गेट निघालं की तुम्ही स्वतः चालून पाहा. मग सांगा फरक आहे का नाही. तोपर्यंत तारीख दिली तुम्हाले."

मी म्हटलं, सांगीन.

मग दवाखाना. मग तू गेली. निकालाच्या आधी गेली. वाद तसाच राहिला, अन् तारीख माझ्यावर आहे.

म्हणून आता ऐक. गेट काढायले माणसं आली तेव्हा सगळा पारा गोळा झाला. कोणी फटाके आणले, मी म्हटलं फटाके नको, सुतक आताच फिटलं घरातलं. पण मनात मलेही वाजवावे वाटून राहिले होते, खरं सांगतो. गेट निघालं, दोघांनी उचलून गाडीत टाकलं. मग मी चाललो. गल्लीच्या तोंडापासून तलावापर्यंत. परत आलो. परत गेलो. लोकांले वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. फरक काही समजला नाही वत्सला. तीच गल्ली, तीच नाली, तेच पाय. मनात म्हटलं, चला, वाद मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्की उघडून बसलो होतो. तलावाकडून दुलारी आली. डोक्यावर भरली टोपली, मागच्या बाईशी जोरजोरात भांडत येऊन राहिली. लौकीवरून, दुधी भोपळ्यावरून, काही तरी. मान ताठ, एक हात टोपलीले, एक हात हवेत. जिथं गेट होतं तिथून निघाली, पुढं गेली, भांडण चालूच. तिनं पाहिलंही नाही. जिथं इतकी वर्षं टोपली उतरवली, वाकली, चौकीदाराले "भैया" म्हटलं, ती जागा तिच्या ध्यानातही आली नाही.

मी उठून उभा राहिलो. हातातलं माप पिठात पडलं. हे म्हणत होती होय तू? मेहरबानीनं गेली असती तं तिथं आल्यावर तिचा आवाज थोडा तरी खाली आला असता. लौकीचं भांडण थोडं तरी थांबलं असतं.

तं लिही तुझ्या बाजूनं. फरक आहे.

पण थांब, खाली बसू नको, माझं संपलं नाही. त्याच दुपारी दुलारीनं सेठांच्या घरी ताट पाठवलं. आता हक्क मिळाला, कोणाचं काही देणं नाही, तरी पाठवलं. मी विचारलं, "अब काहे को?" म्हणे, "पड़ोसी हैं काकाजी." म्हणजे कागदावर जे नाही, ते भी चालू आहे. तुझा हक्क खरा, अन् माझा शेजार भी खरा. अर्धा निकाल माझ्या बाजूनं दे.

अन् आता ती दुसरी खबर, जी मी मागं ठेवली होती. रश्मीनं निकालाची नक्कल आणली अन् हिंदी करून वाचून दाखवली. वाचता वाचता थांबली, परत वाचलं. साहेबांनी तुझ्या पुस्तकातलं वाक्य घेतलं आहे, तुझ्या नावासकट. की शेजाऱ्याचा मान ठेवणं म्हणजे त्याची परवानगी मागणं नाही. नावाच्या आधी "स्वर्गीय" लावलं आहे.

चाललं वो तुझं पुस्तक.

रश्मी रडून राहिली. मी तिले म्हटलं, रडू नको पोट्टी, पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं दीदीकडून राहिलेलं प्रकरण तुले लिहायचं आहे, नीट लिही, अन् लिहून झालं की मले वाचून दाखव. लाइट बंद करून. मी समोरचा वकील होईन. ती म्हणे, "आप डाँटेंगे." मी म्हटलं, हव.

तेरा दिवस शेजाऱ्यांचे डबे येत होते, ते सगळे ओट्यावर साचले होते. तांदूळ दळले, चिल्यासाठी, म्हणजे धिरड्यासाठी, बारीक, अन् एकेक डबा भरून घरोघरी देऊन आलो. गल्लीतूनच गेलो. एक ताट बुआजीलेही भरून पाठवलं. पाऱ्यातल्या बायका म्हणाल्या, तिकडे काहून? मी म्हटलं, केस संपली.

आज सकाळी बुआजी स्वतः आली. काठी टेकत, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबून. माझं ताट तिच्या हातात, वर रुमाल झाकलेला. चक्कीच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी मेन स्विच पाडला.

"तुम्हारी बाई ने भरी कचहरी में मुझसे सच बुलवा लिया," म्हणाली. "भतीजा कितने दिन मुझसे बोला नहीं. अब बोलता है."

मी म्हटलं, "बैठिए बुआजी."

"बैठूँगी नहीं. थाली लौटाने आई हूँ." अन् रुमाल काढला. ठेठरी होती, बेसनाची, घरी तळलेली, गरम. दाराच्या आत तुझ्या खुर्चीकडे तिनं पाहिलं, काळ्या कोटाकडे, अन् हात जोडले. मग गेली.

ती गेल्यापासून स्विच तसाच आहे. लिहून राहिलो.

आता त्या पाच घरांचं दिवाळीचं ताट नाही हे, आपलंच आहे, पण ठेठरी त्यांची आहे, म्हणजे परत काही तरी जायले पाहिजे. तू असती तं म्हणाली असती, आपलं ताट आपल्याकडे आलं, हिशेब बरोबर, विषय संपला. अन् मी ओरडलो असतो. तुझ्या जन्मात एक ताट तू भरून पाठवलं नाही, अन् केस जिंकली भरलेल्या ताटावर!

उद्या चकलीची भाजणी दळतो. बुआजीले आवडते म्हणतात.

स्विच लावतो आता. दुलारी केव्हाची तांदूळ घेऊन उभी आहे, टोपली डोक्यावरून उतरवायले तयार नाही, अन् तिथूनच मले ओरडून राहिली आहे.